दहावीला इंग्रजी ऐकण्याचेही मार्क असतात, पण वर्ध्यातल्या पोरांनी इंग्रजी ऐकलंय कधी?

दरवर्षी ७ आणि ८ जूनला चीनमध्ये गाओकाओ नावाची परीक्षा असते. आपली बारावी, नीट आणि जेईई एकाच भांड्यात घालून शिजवली तर जे तयार होईल, ते म्हणजे गाओकाओ. २०२४ साली या परीक्षेला १ कोटी ३४ लाखांहून जास्त पोरांनी नाव नोंदवलं होतं.

८ जूनच्या दुपारी ३ वाजता इंग्रजीचा पेपर सुरू होतो. पहिली वीसेक मिनिटं वर्गातला स्पीकर बोलतो आणि पोरं ऐकतात. कुणीतरी कुणाला तरी फोन करतंय, रेल्वेचं तिकीट बदलून मागतंय, सुट्टीत कुठे गेलो होतो ते सांगतंय. ऐकायचं आणि पर्यायावर खूण करायची. या वेळात परीक्षा केंद्राच्या आसपासची बांधकामं बंद ठेवतात आणि हॉर्न वाजवायला मनाई असते. दक्षिण कोरियातले लोक तर त्याहून पुढचे. तिथल्या नोव्हेंबरमधल्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू असताना देशभरात साधारण ३५ मिनिटं विमानं उडत नाहीत आणि उतरतही नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, वर्ध्याचा आणि याचा काय संबंध?

संबंध आहे. आपल्या दहावीच्या इंग्रजीलासुद्धा ऐकण्याचे मार्क आहेत. मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजीचा पेपर ८० मार्कांचा असतो आणि उरलेले २० मार्क शाळेच्या हातात असतात. हे २० मार्क श्रवण आणि संभाषणाचे, म्हणजे इंग्रजी ऐकून किती कळतं आणि किती बोलता येतं याचे. बारावीलाही इंग्रजीची विभागणी अशीच, ८० आणि २०. कागदावर पाहिलं तर आपण चीनच्या मागे नाही. राष्ट्रीय पेपरात त्यांचे १५० पैकी ३० मार्क ऐकण्याला, म्हणजे वीस टक्के. आपले १०० पैकी २० ऐकण्या-बोलण्याला मिळून, म्हणजे तेही वीस टक्केच.

फरक आहे तो हे मार्क देण्याच्या पद्धतीत.

माझी स्वतःची दहावीची तोंडी परीक्षा मला नीट आठवते. रांगेत उभे राहून एकेक जण टेबलापाशी जायचा. 'व्हॉट इज युवर नेम?' 'व्हेअर डू यू लिव्ह?' 'पुस्तकातली एखादी कविता म्हणून दाखव.' माझ्या पुढचा पोरगा चार ओळींनंतर अडकला, तर सरांनी हातानेच 'जा' म्हणून खुणावलं. सगळं मिळून दीड मिनिट. आमच्या वर्गात कुणालाच १६ च्या खाली मार्क नव्हते. यात सरांची चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. एका दुपारी साठ-सत्तर पोरांची तोंडी एकट्याने उरकायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण त्या दीड मिनिटात मी इंग्रजी 'ऐकलं' ते एवढंच: दोन प्रश्न, तेही आधीच माहीत असलेले.

मार्क काढून घेतले तेव्हा काय झालं?

या २० मार्कांचा खरा उपयोग काय, हे महाराष्ट्राला एकदाच उघडपणे दिसलं. मार्च २०१९ मध्ये.

त्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि सरकारने भाषा विषयांचे शाळेच्या हातातले मार्क बंद केले होते. शाळा खिरापतीसारखे मार्क वाटतात, ही तक्रार जुनीच होती. मग पेपर थेट १०० मार्कांचा झाला. निकाल लागला आणि सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. नऊ विभागांत सगळ्यात खाली होता नागपूर विभाग, ६७.२७ टक्क्यांवर. वर्धा जिल्हा याच विभागात येतो. म्हणजे दर तीन पोरांतला एक नापास.

ओरड झाली आणि ती रास्तही होती. सीबीएसईच्या पोरांना शाळेकडून मार्क मिळतात, आमच्या पोरांना मिळत नाहीत, मग अकरावीच्या प्रवेशात आमची पोरं मागे पडणार नाहीत तर काय? समिती बसली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये २० मार्क परत देण्याचा निर्णय झाला. २०२० मध्ये राज्याचा निकाल ९५.३० टक्के लागला आणि नागपूर विभागाचा ९३.८४. (कोरोनामुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर झाला नाही आणि त्याचे मार्क सरासरीने दिले गेले, तेवढी सवलत हिशेबात धरायला हवी. तरीही साडेसव्वीस टक्क्यांची उडी एकट्या भूगोलाने येत नाही.)

गणित सोपं आहे. पास व्हायला लेखी आणि तोंडी मिळून ३५ हवेत. तोंडीत १८ मिळाले की लेखीत ८० पैकी फक्त १७ लागतात. म्हणून हे २० मार्क गावाकडच्या पोरासाठी पुरात धरलेल्या दोरीसारखे असतात आणि ती दोरी कापा, असं मी अजिबात म्हणणार नाही.

मला खटकतं ते वेगळंच. त्या उन्हाळ्यात चॅनलवर चर्चा झाल्या, अग्रलेख आले, सगळे बोलले ते निकालाच्या टक्क्यांवर. ज्या कौशल्याच्या नावावर हे मार्क दिले जातात ते पोरांना येतं का, हा प्रश्न त्या गोंधळात मागेच राहिला. मार्क काढले तेव्हाही नाही विचारला आणि परत दिले तेव्हाही नाही.

बजाज चौकात उभा राहिलेला परदेशी विद्यार्थी

ऐकून समजणं इतकं अवघड का असतं? वाचताना कळणारं वाक्य कानावर पडलं की डोक्यावरून का जातं?

याचं उत्तर वर्ध्यातच मिळेल. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. १९९७ मध्ये सुरू झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ. तिथे हिंदी शिकायला परदेशातून पोरं येतात, त्यात चिनीही असतात. कल्पना करा, यातल्या एखाद्याने सोबत थोडं मराठीही पुस्तकातून शिकून घेतलंय. त्याला 'तू कुठे जात आहेस?' हे वाक्य पाठ आहे. तो बजाज चौकात येतो आणि त्याच्या कानावर पडतं, 'कुठी जाऊन रायला बे?'

शब्द ओळखीचे असूनही त्याला काही कळत नाही. 'राहिला'चा 'रायला' झालाय, 'जात आहेस'चं 'जाऊन रायला' झालंय आणि शेवटच्या 'बे'ने त्याला आपण काहीतरी चुकलो असंच वाटतं. त्यात त्या पोराची चूक नाही. त्याच्या मराठीला डोळे होते, कान नव्हते.

आपल्या पोरांच्या इंग्रजीचं हेच होतं. पुस्तकात 'डिड यू ईट?' असं सुटं सुटं छापलेलं असतं. बोलणारा ते 'डिज्यु-ईट' असं एका दमात म्हणतो. 'आय शुड हॅव गॉन'मधला 'हॅव' जवळपास गायब होतो आणि 'शुडव्ह गॉन' ऐकू येतं. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजी बोलणारा मात्र वाक्यातल्या दोन-तीन महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो आणि बाकीचे गिळून टाकतो. शिवाय शब्दातला जोर सरकला की उच्चारही बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर असतो, पण 'फटॉग्रफर' म्हणताना तो 'टॉ'वर जातो आणि 'फो'चा 'फ' होतो. ज्याने हा शब्द फक्त वाचलाय, तो ऐकताना 'फोटोग्राफर' शोधत बसतो आणि तोवर वाक्य संपलेलं असतं.

दुसरी अडचण वेळेची. वाचताना अडलं तर मागे जाता येतं. ऐकताना मागे जाता येत नाही. परदेशी शिक्षणासाठी जी आयेल्ट्स परीक्षा असते, तिच्या ऐकण्याच्या भागात ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. गाओकाओमध्येही पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, नंतरचे लांब उतारे दोनदा.

आणि हे फक्त परदेशी जाणाऱ्यांपुरतं नाही. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला आहे, इंजिनीअरिंगची कॉलेजं आहेत. नीट मराठीत देता येते, जेईई मेनही २०२१ पासून मराठीत देता येते. हे चांगलंच झालं. पण प्रवेश मिळाला की वर्गातला तास बहुतेक इंग्रजीतच असतो. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातून, मराठी शाळेतून आलेली हुशार पोरगी पहिल्या बाकावर बसते, समोरचे शिक्षक तासभर इंग्रजीत बोलतात आणि ती फळ्यावरचं तेवढं उतरवून घेते. विषय तिला कळतो, रात्री पुस्तक वाचून ती तो पुराही करते, पण तास मात्र तिच्या हातून निसटलेला असतो. मग 'गावाकडची पोरं सुरुवातीला बुजतात' असं म्हटलं जातं. ती बुजलेली नसते, तिला बोललेलं ऐकूच आलेलं नसतं.

वाचता येतं म्हणजे कळतं का?

ठीक आहे, ऐकणं राहिलं बाजूला. वाचायला तरी येतं ना?

'असर' हा अहवाल तुम्ही ऐकला असेल. त्याची २०२३ची पाहणी १४ ते १८ वर्षांच्या मुलांची होती, म्हणजे नेमक्या याच वयाची. २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत ३४,७४५ मुलामुलींना भेटून ती केली होती. इंग्रजीतली सोपी छोटी वाक्यं ५७.३ टक्के मुलांना वाचता आली. ज्यांना वाचता आली, त्यांतल्या ७३.५ टक्के मुलांना अर्थ सांगता आला. दोन्ही आकडे जोडून पाहा: शंभरातल्या साधारण ४२ पोरांना साधं इंग्रजी वाक्य वाचून कळतं. हे आकडे देशाचे आहेत, वर्ध्याचे नाहीत. आणि या पाहणीत इंग्रजी ऐकून समजतं का, हे तपासलेलंच नव्हतं.

मग एवढी पोरं इंग्रजीत पास कशी होतात?

एक गंमत करू. खाली एक वाक्य देतो. त्यातले मुख्य शब्द मी आत्ताच बनवलेत, कोणत्याही भाषेत त्यांना अर्थ नाही.

'द गिब्लर झॉप्ड द मिरकन निअर द रिव्हर.'

प्रश्न पहिला: हू झॉप्ड द मिरकन? उत्तर: द गिब्लर. प्रश्न दुसरा: व्हेअर डिड द गिब्लर झॉप द मिरकन? उत्तर: निअर द रिव्हर.

तुम्हाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. गिब्लर म्हणजे माणूस की म्हैस, हे मात्र तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं शोधण्याची ही कला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शिकवली जाते. प्रश्नातला शब्द धरा, उताऱ्यात तो शब्द शोधा आणि त्याच्या आजूबाजूचं वाक्य उतरवून काढा. दहावीच्या पेपरात पुस्तकातल्या गद्य उताऱ्यांना २० मार्क आहेत आणि ते धडे वर्षभर गाईडमधून घोटलेले असतात. न पाहिलेल्या उताऱ्यांना १५. म्हणजे आकलनाची खरी परीक्षा १०० पैकी १५ मार्कांची आणि त्यातलेही काही प्रश्न गिब्लर पद्धतीने सुटणारे.

गाओकाओमध्ये पुस्तकातला उतारा येतच नाही. चार नवे उतारे, शिवाय मधली वाक्यं काढून टाकलेला एक पाचवा, ज्यात सात वाक्यांतून पाच योग्य जागी बसवायची. लेखकाला काय म्हणायचंय, या ओळीतल्या अनोळखी शब्दाचा अर्थ काय असेल, उताऱ्याला कोणतं शीर्षक शोभेल, असे प्रश्न. त्यासाठी तिथली पोरं तीन वर्षं रोज असे उतारे सोडवतात. सोडवावेच लागतात, कारण पाठ करायला काही हातात नसतं.

भाषा शिकवणाऱ्यांच्या जगात एक ठोकताळा आहे. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली मांडला होता: गोष्टीचा मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अडला तर चालतं. आता दहावीच्या पुस्तकातलं कोणतंही पान घ्या आणि घरातल्या पोराला अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. बऱ्याच घरांत रेघाच जास्त दिसतील. ते पोर 'वाचत' नसतं, शब्दकोड्यातले चौकोन भरत असतं. त्याला पाचवी-सहावीच्या पातळीचं पुष्कळ वाचायला द्यायला हवं आणि आपण देतो दहावीच्या पातळीचं, तेही थोडंसं.

चीनचं जसंच्या तसं उचलायचं का?

नाही. कारण चीनमध्येही सगळं गोडगोड नाही.

चीनने २००१ साली तिसरीपासून इंग्रजी आणण्याचं ठरवलं. आपण त्याच्या एक वर्ष आधी, २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासूनच आणलं होतं. म्हणजे दोघांची शर्यत साधारण एकाच वेळी सुरू झाली. चीनने परीक्षेत ऐकणं घातलं आणि देशभरात ऐकण्याच्या सरावाचा कारखाना उभा राहिला. तरीही तिथे एक शब्द रूढ आहे, 'याबा यिंग्यू'. म्हणजे मुकं इंग्रजी. ऐकून पर्याय निवडता येतो, वाचून उत्तर देता येतं, तोंड मात्र उघडत नाही. पोरं युक्त्या शिकतात: ध्वनिफीत सुरू होण्याआधी पर्याय वाचून ठेवायचे आणि कानावर पडलेला पहिलाच आकडा खरा मानायचा नाही, तो बहुतेक चकवा असतो. बीजिंगने तर जूनच्या पेपरातलं ऐकणं वेगळं काढून संगणकावर वर्षातून दोनदा घ्यायला सुरुवात केली आणि २०२१ पासून त्यात बोलणंही घातलं. हे मुकेपण घालवायचं तर परीक्षेतच बोलावं लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं.

म्हणजे ज्याची परीक्षा घ्याल त्याचा सराव होतो, पण तेवढ्याचाच होतो. आपल्याकडे मार्क आहेत आणि खरी परीक्षा नाही, त्यामुळे सरावही नाही.

सगळा वाद वर्ध्यातूनच सुरू झाला होता

इंग्रजीचा विषय निघाला आणि वर्ध्याने १९३७ आठवला नाही, असं होत नाही. त्या वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. झाकीर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला आणि पुढे देशाला 'नई तालीम' किंवा 'वर्धा योजना' म्हणून माहीत झालेली कल्पना तिथून निघाली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या कामाभोवती. त्या सात वर्षांत इंग्रजीला जागा नव्हती. मॅट्रिकएवढं ज्ञान, फक्त इंग्रजी वगळून, असा हिशेब होता.

गांधीजी इंग्रजीचे शत्रू होते म्हणून नव्हे. परक्या भाषेच्या ओझ्याखाली पोरांची वर्षं वाया जातात, हा मुद्दा होता. सेवाग्रामच्या आवारात आजही आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा त्या विचारावर चालते.

मला यातलं एक आजही पटतं. ज्याला मराठी उतारा वाचून त्यातला मुद्दा सांगता येत नाही, त्याला इंग्रजीतून तो सांगता येणार नाही. 'असर'च्या त्याच पाहणीत १४ ते १८ वयाच्या साधारण पाव मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूरसुद्धा सलग वाचता आला नव्हता. तिथे गळणारं भांडं इंग्रजीत नेऊन भरत नाही.

पण आपले वाद नेहमी भाषा कोणती यावरच होतात. २०२५ चंच बघा. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो बदलला, रस्त्यावर आंदोलनं झाली आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या सगळ्या धुरळ्यात पहिलीपासूनच्या इंग्रजीला हात लागला नाही. ते आता गृहीत धरलेलं आहे. पंचवीस वर्षं झाली. दहा वर्षं इंग्रजी शिकून पोराला दोन मिनिटांची बातमी ऐकून कळते का, यासाठी मात्र कुणी मोर्चा काढला नाही.

मग करायचं काय?

पैसे फारसे लागत नाहीत, हे आधी सांगतो.

बोर्डाने दरवर्षी तोंडी परीक्षेसाठी चार-पाच मिनिटांची एक ध्वनिफीत सगळ्या शाळांना पाठवावी. प्रश्नपत्रिका पोचवता येते तर मोबाइलवर आवाज पोचवणं कठीण नाही. २० पैकी ५ मार्क त्यावर. पहिली दोन-तीन वर्षं हे मार्क कुणाला नापास करण्यासाठी वापरायचे नाहीत, नाहीतर नागपूर विभागात २०१९ पुन्हा होईल. ऐकण्याची अडचण असलेल्या मुलांना दुसरा पर्याय हवा. यात गैरप्रकार होतील का? होतील. फीत आधीच फुटेल, कुठेतरी सर उत्तरं सांगतील. तरीही सरावासाठी वर्षभर वर्गात काहीतरी इंग्रजी वाजेल आणि आज ते वाजत नाही.

हे आपल्याकडे अगदीच नवं नाही. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने 'वी लर्न इंग्लिश' नावाचा रेडिओ कार्यक्रम तयार केला होता. आकाशवाणीवरून आवाज यायचा आणि वर्गातली पोरं ऐकून उत्तर द्यायची. शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी कच्चं असलं तरी तास चालायचा, ही त्यातली खरी गोम. आज तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशात रेडिओपेक्षा मोठं यंत्र आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात.

शाळेची वाट बघायची नसेल तर घरी करता येण्यासारखंही आहे. आपल्या आईवडिलांना शाळेत श्रुतलेखन असायचं. गुरुजी वाचायचे, पोरं ऐकून लिहायची. इंग्रजीत तेच करा. आकाशवाणीची इंग्रजी बातमीपत्रं छोटी असतात आणि उच्चार आपल्या कानाला सोसवणारे. त्यातला एक मिनिटाचा तुकडा घ्यायचा. पहिल्यांदा नुसता ऐकायचा, कुठली बातमी होती एवढंच मराठीत सांगायचं. मराठीत सांगायला लाजू नका, कळलं की नाही हेच तर तपासायचंय. दुसऱ्यांदा ऐकताना कानाला लागलेले शब्द लिहायचे. तिसऱ्यांदा थांबवत थांबवत पूर्ण वाक्यं. जिथे अडेल तिथे बहुतेक 'ऑफ', 'टू', 'हॅव' असेच गिळलेले बारके शब्द निघतील.

इंग्रजी सबटायटल लावून सिनेमे बघितले की कान तयार होतो असं सगळे सांगतात. थोडं खरं आहे. पण मजकूर समोर असला की डोळे सगळं काम करतात आणि कान झोपा काढतात. म्हणून आधी सबटायटलशिवाय पाच मिनिटं, मग लावून तीच पाच मिनिटं. उलट्या क्रमाने केलं तर नुसती करमणूक होते.

वाचनासाठी, दहावीच्या पोराला सहावीचं इंग्रजी पुस्तक द्या. त्याला अपमान वाटेल, वाटू द्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि कुणालातरी ती गोष्ट मराठीत सांगायची. पुस्तक मिटलं की गिब्लरची युक्ती चालत नाही.

हिंगणघाटहून वर्ध्याला एसटीने रोज ये-जा करणाऱ्या पोरांकडे जाता-येता दोनेक तास असतात आणि कानात हेडफोन असतातच. गाणी बंद करा असं कोण म्हणतंय? दहा मिनिटं बातम्या, मग गाणी.